कणगीतला म्हातारा

२४ जानेवारी १९३३
वाचनालयातल्या वेताच्या खुर्चीचं बूड अखेर गेलं. दिवाळीपासून जातो जातो म्हणत होतं. आज मी अग्रलेख वाचत असताना गेलं. गुडघे हनुवटीला लागून मी आत अडकलो. बाहेर काढायला दोन माणसं लागली. त्यातला एक माझ्या साप्ताहिकाचा वर्गणीदार, म्हणजे उद्या बाजारात दवंडी. ह्या अन्यायाची नोंद पुढील पिढ्यांसाठी कुठेतरी राहावी म्हणून ही नवी वही सुरू केली आहे.
चिटणीस गोविंदराव वकील, त्यांच्याकडे रीतसर तक्रार नेली. म्हणाले, "अण्णा, वेत विणायला शिल्लक नाही."
"मग पाटी लावा. वाचकांनी ज्ञान उभ्याने घ्यावं."
हसले. लोक हसतात आणि खुर्ची तशीच राहते. माझ्या लेखणीचं कर्तृत्व एवढंच.
सायंकाळी त्याच शिल्लक नसलेल्या संस्थेत एक मदत-कमिटी निघाली. खाडीपलीकडच्या भाट्याच्या भिकाजीसाठी. अध्यक्ष रावसाहेब, पेन्शनीत निघालेले मामलेदार. गावात कुणालाही दुःख झालं की अध्यक्षपद आपल्या पायांनी त्यांच्या घरी चालत जातं. मी सभासद, कारण छापखाना माझा आणि हँडबिलं फुकट.

२६ जानेवारी
भिकाजीला गोविंदरावांच्या ओटीवर बोलावलं होतं. वर ये म्हटलं तरी पायरीवरच बसला. चाळिशीचा असेल. मुंबईला एका कचेरीत पट्टेवाला होता. साहेबाच्या मोटारीवर कुणी बाँब टाकला. साहेब मोटारीत नव्हताच. दार उघडायला हा गेला होता.
डावा डोळा गेला. डाव्या हाताला अंगठा आणि एक बोट. कचेरीने दोन महिन्यांचा पगार दिला, वर एक इंग्रजी सर्टिफिकेट: सचोटीने नोकरी केल्याबद्दल. हाताबद्दल त्यात काही नाही.
आता उजवा डोळाही जायला निघालाय. इथले डॉक्टर म्हणतात, मिरजेला न्या, कापावं लागेल, शिमग्याच्या आत न्या, पुढे हमी नाही. म्हणून ही सगळी खटपट.
"दिसतं किती?" मी विचारलं.
"माणूस दिसतो. कोण तो दिसत नाय."
बायको सुभद्रा. लोकांच्या वाड्या शिंपते. खाली अंगणात उभी राहून बरंचसं तीच बोलली.
रावसाहेबांनी घसा साफ करून विचारलं, "टाकणारा दिसला होता का रे?"
"पोरगाच होता. मला बोलला, बाजूला हो. मला वाटला सायबाला सलाम करायला आलाय. मी दार धरून उभा राह्यलो."
गोविंदरावांनी चहा सांगितला. भिकाजीचा चहा वेगळ्या कपातून आला, कान तुटलेल्या. तो त्याने उजव्या हाताने नीट धरला. मी माझ्या कपाकडे बघत बसलो.

२९ जानेवारी
कमिटी. मदतीसाठी नाटकाचा प्रयोग करायचा, शेवटी भिकाजीला रंगमंचावर बोलावून थैली अर्पण. खेळ माझा फार्स. तीन गावांत चालला आहे, बाक भरतात. मी "छे छे, दुसरं काही बघा" असं म्हणालो, पण फार मोठ्याने नाही.
मग हँडबिलाचा मजकूर. इथे दोन तास गेले. बाँब हा शब्द छापायचा कसा? छापला तर कलेक्टर कचेरी परवानगी रोखणार. परवानगी मिळाली तर मागच्या बाकांवरची पोरं भलत्याच जागी टाळ्या वाजवणार. आणि खरं सांगायचं तर पुढच्या बाकांचाही भरवसा नाही. गोविंदरावांच्या एका खिशात भिकाजीची वर्गणी आहे, दुसऱ्या खिशात बाँब टाकणाऱ्या त्या पोराच्या बचावाची. मी दोन्ही खिशांत टाकली आहे. दुसऱ्यात जास्त.
अखेर ठरलं: "मुंबईतील एका दुर्दैवी अपघातात". शिवाय रावसाहेबांनी सूचना मांडली, कमिटीत, तालमीत, कुठंही तो शब्द कुणी उच्चारू नये. एकमताने मंजूर. सगळ्यांचे चेहरे एकदम हलके झाले. जणू तो फुटलाच नव्हता.

३ फेब्रुवारी
तालमी रंगात. आज जेवताना सौ. म्हणाली, "अहो, तो माणूस पुढेच बसणार ना?"
"मानाची खुर्ची आहे. रावसाहेबांच्या शेजारी."
"आणि तिसऱ्या अंकात तुम्ही बार उडवता त्याचं काय?"
घास तसाच राहिला. खरंच, कुणाच्या डोक्यात आलं नव्हतं. माझ्याही. तिसरा अंक म्हणजे: कंजूष म्हातारा लेकीचं गुपित ऐकायला भाताच्या कणगीत लपतो. जावई होऊ पाहणारा कणगीखाली फटाका लावतो. धडाम. म्हातारा तोंड काळं होऊन बाहेर, आपण मेलो अशी त्याची खात्री. विंगेत रॉकेलच्या रिकाम्या डब्यात मोठा फटाका उडवतात. थिएटर हादरतं. सगळा खेळ त्या एका हशावर उभा आहे.
"काढा तो बार," सौ. म्हणाली.
"बघतो."
"बघायचं काय त्यात?"
ताक वाढ म्हटलं.

६ फेब्रुवारी
तालमीला गेलो ते हेच सांगायला. वाटेत वाक्य जुळवूनही ठेवलं होतं. बाराऐवजी आत पितळी परात आपटावी. नाहीतर नुसतीच म्हाताऱ्याने किंकाळी मारावी.
दारातच नाना लिमयांनी हात धरला. म्हाताऱ्याचं काम तेच करतात. "अण्णा, ती बाराची जागा! लिहावी ती तुम्ही. लोक हसायचे थांबत नाहीत, मला काळं तोंड करून वाट बघत उभं राहावं लागतं." आणखी चौघे जमले. एकाने मुंबईच्या एका मोठ्या नाटककाराचं नाव घेऊन म्हटलं, त्याला सुचली नसती. मी नको नको म्हणत सगळं ऐकून घेतलं.
परातीचं राहिलं.
निघताना महादू सुताराने विचारलं. पडदे, दिवे, डबा-फटाका सगळं त्याच्याकडे. "अण्णा, बार नेमीसारकाच काय?"
मी मान हलवली. शब्द काढला नाही. म्हणजे साक्षीला काही उरलं नाही.
सौ.ने विचारलं, "सांगितलंत?" म्हटलं, "झालं सगळं."

११ फेब्रुवारी, शनि.
प्रयोग झाला. थिएटर भरलं होतं.
आज लिहवत नाही.

१२ फेब्रुवारी
लिहून टाकतो.
भिकाजीला कुणाचा तरी कोट घातला होता. पहिल्या रांगेत, मखमली खुर्ची. एका बाजूला रावसाहेब, दुसऱ्या बाजूला डॉक्टर. सुभद्रा बायकांत, चिकाच्या पडद्यामागे. पहिल्या दोन अंकांत तो हसला. मी विंगेत उभा होतो. लोक कुठे हसतात ते बघायला मी नेहमी तिथेच असतो. मान जरा वाकडी करून ऐकायचा, सगळ्यांच्या मागून हसायचा. पण मोकळा हसायचा. मला बरं वाटत होतं. त्या वेळी मला खरोखर असं वाटत होतं की आपण एक चांगलं काम करतो आहोत.
महादूने वात पेटवली ती मी पाहिली. माझ्यापासून हातभर लांब. तेव्हाही सांगता आलं असतं.
धडाम.
भिकाजी खुर्चीत नव्हता. खुर्चीखाली होता. ओरडला नाही. उजवा हात डोळ्यावर घट्ट, डावा रिकाम्या हवेत दार शोधावं तसा. आणि वर नाना कणगीतून निघाले, काळं तोंड, आणि थिएटर असं हसलं, तसं कधी हसलं नव्हतं. रावसाहेब हसता हसता डोळे पुसत होते. शेजारची खुर्ची रिकामी आहे हे त्यांना कळायला वेळ लागला.
सुभद्रा पडदा उचलून पुरुषांच्या रांगांतून सरळ आली. भुईवर बसली. त्याचं डोकं मांडीवर घेतलं. "मी हाय. मी हाय. काय नाय झाला." हे मला इतक्या गोंगाटात कसं ऐकू आलं ठाऊक नाही. मागची पोरं म्हणाली, बायको पण आली, नाटकातलंच आहे की काय. त्यावर पुन्हा हशा.
ती त्याला धरून घेऊन गेली. खेळ थांबवला नाही कुणी. मीही नाही. थैली रावसाहेबांच्या मांडीवर राहिली.
घरी आल्यावर सौ.ने पाट मांडला, पान वाढलं आणि आत निघून गेली. ती तिथंच होती, पडद्यामागे, सुभद्रेच्या शेजारी.

१३ फेब्रुवारी
तातडीची सभा. घडल्या प्रकाराबद्दल दिलगिरीचा ठराव हवा. दोष कुणाचा? रावसाहेब म्हणाले, "त्या सुताराला अक्कल नको?" सगळ्यांना आवडलं. मसुदा कुणी करायचा? अण्णांनी, अण्णांची भाषा चांगली.
केला. "रंगमंचावरील एका कामगाराच्या अनवधानाने." अनवधान शब्दाची वाहवा झाली. महादूला मंडळींनी कामावरून काढलं.
बाहेर तो उभा होता, कानावर पेन्सिल. "अण्णा, तुमी मान हलवलीत ना?"
"हलवली."
"बरा. मला वाटला मलाच भास झाला."
एवढंच बोलून गेला. मला त्याने चार शिव्या दिल्या असत्या तर मी रात्री झोपलो असतो.

१६ फेब्रुवारी
गोविंदराव आणि मी तरीने खाडी ओलांडून भाट्याला. निरोप असा की रविवारी वाचनालयात सभा आहे, थैली तिथे देऊ, भिकाजीने संकोच करू नये.
भिकाजी खाटेवर भिंतीकडे तोंड करून. सुभद्रा दारात. आत या म्हणाली नाही.
"ते येणार नाय. परवा माझ्या हातची कळशी पडली तर खाटेखाली गेले. बाहेर काढताना माझी कंबर गेली."
गोविंदराव म्हणाले, "अगं, पण लोकांनी पैसे दिलेत. लोकांना दिसायला नको का, कुणाला मिळाले ते?"
"लोकांनी बघितला की त्या दिवशी."
गोविंदराव खाडीकडे बघू लागले. मी डोळ्याचं विचारलं.
"काल मला बोलले, कोण हाय. मी समोर उभी होते. मी बोलले तेवा त्यांना कळला."
परतताना तरीत म्हटलं, "थैली माझ्याकडे द्या. मी नेऊन देतो, आजच."
"अण्णा, रीत आहे. थैली चारचौघांत द्यायची. उद्या कुणी म्हणालं कमिटीने खाल्ली, तर?"
"आणि शिमगा आला तर?"
"रविवार काय लांब आहे?"
रीत मलाही ठाऊक आहे. मोठमोठ्या सत्कारांच्या थैल्यांच्या बातम्या मीच छापल्या आहेत, वर्णनांसकट. देणाऱ्याला दिसलं पाहिजे. घेणाऱ्याला दिसतं की नाही हा प्रश्न आजवर कधी आला नव्हता.

१७ फेब्रुवारी
कमिटीत उभा राहिलो. म्हटलं, ठराव दुरुस्त करा. बार महादूचा नव्हे, माझा. मला आठ दिवस आधी बायकोने सांगितलं होतं. मी काढला नाही, कारण माझा हशा गेला असता. महादूने मला विचारलं, मी मान हलवली. आणि नंतर त्याच्या नावावर अनवधान मीच लिहिलं.
मग रावसाहेबांचं पोट हलायला लागलं. मग सगळेच. "हशा गेला असता! अण्णा, अण्णा." गोविंदराव म्हणाले, हे साप्ताहिकात घाला, झकास होईल. नाना म्हणाले, सहीसही एखाद्या गुन्हेगारासारखा चेहरा केलात.
मी म्हटलं, मी खरं सांगतो आहे. ते तर आणखीच आवडलं.
वीस वर्षं ह्या लोकांना मी एकच शिकवलं, अण्णा उभा राहिला की हसायचं. चोख शिकलेत.
ठराव तसाच. महादूला काढलं ते काढलंच.
घरी सौ.ला सांगितलं. ती हसली नाही. म्हणाली, "तिथे सांगून काय उपयोग? सांगायचं तिकडे सांगा." आणि खाडीच्या दिशेने हात केला, हातात उलथनं होतं ते तसंच.

१९ फेब्रुवारी, रवि.
सुभद्रा एकटी आली. सकाळीच छापखान्यात येऊन विचारून गेली होती, "मी घेतली तर चालल काय?" मी रावसाहेबांकडे गेलो. त्यांनी जरा विचार केला आणि म्हणाले, "चालेल. उलट जास्त परिणाम होईल."
लुगडं धुतलेलं, अजून ओलसर. टेबलाशी तिला उभं केलं. खुर्ची दिली नाही, पण बूड गेलेल्या त्या एकीखेरीज बाकी सगळ्या भरल्या होत्या. रावसाहेब बोलले, मग गोविंदराव, मग आभार. सती सावित्रीचा उल्लेख दोनदा. अपघात हा शब्द किती वेळा ते सोडून देतो. ती पदर कपाळापर्यंत ओढून उभी. फोटोवाला म्हणाला, बाई, थैली जरा वर धरा, उजेडात. धरली. पुन्हा एकदा. धरली.
मग रावसाहेबांकडे वळून हळूच, "झाला काय?"
टाळ्या.
दारापर्यंत मी तिच्या मागून गेलो. म्हटलं, "मोटार कधीची?"
"बुधवारी पाटेची. कोल्हापुरास्तवर. मंग रेल्वे." थैली तिने लुगड्याच्या ओच्यात घट्ट खोचली. मग थांबली. "अण्णा, एक विचारू? तो कणगीतला म्हातारा जगला काय?"
"काय?"
"आमचे विचारत होते. त्यांनी तितपत्तूरच ऐकला. मधेच उठलो ना आमी."
"जगला. तो मेलेलाच नसतो."
"तुमीच येऊन सांगा. माझा ऐकायचे नाय. काय नाय झाला, काय नाय झाला, असा मी तेवा पण बोलले होते."

२१ फेब्रुवारी
दुपारी गेलो. एकटाच. तरीवर महादू भेटला, भाट्याला कुणाचं दार बसवायला निघालेला. शेजारी बसलो. तो म्हणाला, ऊन आहे. मी म्हटलं, आहे.
भिकाजी अंगणात, माडाच्या सावलीत. आज भिंतीकडे तोंड नव्हतं. सुभद्रा बोचकं बांधत होती: तांदूळ, सुकट, एक घोंगडी.
आधी ते सांगितलं. की बार माझा. मला आधी ठाऊक होतं. ह्या खेपेला कुणी हसलं नाही. सुभद्रेचे हात थांबले आणि पुन्हा चालू झाले.
भिकाजी म्हणाला, "हां."
एवढंच. क्षमा केली की काय केलं, मला सांगता येत नाही. विचारायचं धैर्य नव्हतं.
मग म्हणाला, "पुढचा सांगा."
मी कणगीपासून सुरू केलं. म्हातारा, लेक, जावई, गडी, सगळे मीच. माझं वाचन भिकार आहे, नाना नेहमी म्हणतात ते खरं. बाराच्या जागी आलो. "इथे बार होतो," हळूच म्हटलं. त्याचा हात डोळ्यापर्यंत गेला. थोडा थांबला. खाली आला.
"मंग?"
मग म्हातारा बाहेर. आपण मेलो म्हणून गड्यालाच यमदूत समजतो, स्वर्गात शेतसारा किती ते विचारतो. थिएटरात इथे छप्पर उडतं. भिकाजी ढिम्म. मलाही आज त्यात हसण्यासारखं काही सापडेना. पुढे जावयाची कोटी. ढिम्म. बारावाचून हे सगळं इतकं पोकळ आहे हे मला लिहिताना कळलं नव्हतं, की कळलं होतं म्हणूनच बार घातला होता, कोण जाणे.
मग म्हातारा अंगणात येतो. इथं एक वाक्य आहे, नाना ते घाईत उरकतात, कारण त्यावर कुणी हसत नाही. म्हातारा बायकोला म्हणतो, "अगं, मला पाठीला ऊन लागतंय. म्हणजे मी आहे का गं?"
भिकाजी हसला. की हसल्यासारखा आवाज झाला. सुभद्रेने वर पाहिलं.
"ती काय बोलते?"
"म्हणते, आहात. आणि आता भात सांडलात तो भरा."
मान हलवली त्याने. मी पुढे सगळं सांगितलं, लेकीचं लग्न ठरतं, पडदा पडतो तिथपर्यंत. एक शब्द गाळला नाही.
"जगला म्हंजे," तो तिला म्हणाला.
"मी बोलले नव्हते?"
तिने बोचक्याची गाठ मारली. मिरजेच्या डॉक्टरांनी आधी बघायचं, मग कापायचं की नाही ते सांगायचं, असं ती म्हणाली. उशीर झाला असेल तर तसंच परत यायचं. उठून चपला पायात घातल्या.
"अण्णा गेले काय?" भिकाजीने विचारलं.
मी त्याच्या समोरच उभा होतो.
"नाही. आहे."
"मंग बसा वाईच. ता उनाचा परत एकदा सांगा."
चपला काढल्या. बसलो. सांगितलं.